शेऱ्याचा रकाना

जहाजाच्या लॉगबुकात खोडाखोड चालत नाही. चुकलं तर त्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी दुरुस्ती लिहायची आणि आद्याक्षरं टाकायची. पान फाडायचा तर प्रश्नच नाही. वेळ, कोर्स, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, समुद्र, बॅरोमीटर, दृश्यमानता, आणि सगळ्यात उजवीकडे शेरा. वॉच, म्हणजे ड्यूटीची चार तासांची पाळी, संपला की रकाने भरून सही ठोकायची आणि खाली जाऊन झोपायचं. आयुष्याची ऐन वर्षं मी हेच केलं, पण याला लिहिणं म्हणतात असं कधी मनातही आलं नाही. शाळेत मराठीच्या पेपरात निबंध सोडून बाकी सगळं सोडवणाऱ्यांतला मी.

आमच्या दापोली तालुक्यात हर्णै, आंजर्ले, मुरूड या पट्ट्यात ‘बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. लग्न जमायलाही तेवढं पुरतं. मी सेकंड ऑफिसर होतो. सेकंड ऑफिसरचा वॉच बहुतेक बोटींवर ठरलेला: दुपारी 12 ते 4 आणि रात्री 12 ते 4. सगळी बोट झोपलेली असताना ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीत, आपण, लुकआउटवरचा खलाशी आणि रडारचा हिरवा उजेड. पुष्कळांना हा वॉच नकोसा होतो. मला तो आवडायचा.

2019 मध्ये ओमानच्या आखातात, अशाच रात्रीच्या वॉचला, मला ब्रिजवर आकडी आली. आज हे एका वाक्यात लिहून होतं. तेव्हा ते वाक्य माझ्याजवळ नव्हतं. चार्ट टेबलापाशी पेन्सिल उचलल्याचं आठवतं, आणि त्यानंतर एकदम बोटीच्या हॉस्पिटलातली ट्यूबलाइट आणि चावली गेलेली जीभ. मधलं सगळं खलाशाने पाहिलं आणि कॅप्टनने लॉगमध्ये लिहिलं. माझ्या शेवटच्या वॉचची नोंद दुसऱ्याच्या अक्षरात आहे. ती मी आजतागायत वाचलेली नाही.

अमिरातीतल्या फुजैराच्या अँकरेजवर लाँचने उतरवलं. मुंबईत ईईजी, एमआरआय, मग घरी आल्यावर आणखी एक झटका, आणि निदान पक्कं झालं: अपस्मार. समुद्रावर अनफिट. कागद हातात आला तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती आणि बोट चालवण्यापलीकडे मला दुसरं काहीही येत नव्हतं.

डॉक्टर भले होते. काय करायचं नाही ते नीट समजावून सांगितलं. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. उंचावर चढायचं नाही. पोहायचं नाही. गाडी चालवायची नाही. लायसन्सच्या अर्जासोबत आरोग्याचं जे घोषणापत्र असतं त्यातच अपस्माराचा प्रश्न विचारलेला असतो. उकळत्या भांड्याशी जपून. जागरण अजिबात नाही, कारण तुटलेली झोप हे झटक्याचं एक मोठं कारण. आता कोकणातल्या माणसाने विहीर, माड, पोफळी, समुद्र आणि मोटरसायकल वजा करून पाहावं काय उरतं. ओटी उरते. मी ओटीवर बसलो.

बोटीवरचा माणूस घरात पाहुणाच असतो. चार महिने आला, मासळी खाल्ली, गणपती केले, बॅग भरली. त्यामुळे पाखाडीवरून येणारा-जाणारा गडग्यापाशी थांबून विचारी, “मग, कधी निघायचं?” पुढे हळूहळू हा प्रश्न बंद झाला. सगळ्यांना कळलं होतं. प्रश्न होता तोवर राग यायचा, बंद झाल्यावर समजलं की तो बरा होता.

आणि रात्र. वॉच सुटल्याचं माझ्या मेंदूला कुणी कळवलं नव्हतं. बाराला डोळे टक्क उघडायचे ते पहाटे चारला मिटायचे. माडीच्या खिडकीतून हर्णैच्या दीपगृहाचा झोत दिसतो. दोन झोतांमधले सेकंद मोजून कुठलं दीपगृह ते ओळखायचं हा आमचा धंदा. घरी पडल्यापडल्या मी ते सेकंद मोजत राही. दीपगृह कुठलं ते तर ठाऊकच होतं.

वही सुरू झाली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. अपस्माराच्या रुग्णाला बहुधा सगळेच डॉक्टर सांगतात: झटका कधी आला, किती वेळ टिकला, आदल्या रात्री झोप किती झाली, गोळी चुकली का, ताप होता का, उपास होता का, याची नोंद ठेवा. मी वाण्याकडून लाँगबुक आणलं आणि फूटपट्टीने रकाने आखले. हात सवयीने आखत गेला. झोप आणि गोळीच्या आधी वारा, समुद्र, बॅरोमीटर हे रकाने पडले, आणि शेवटी शेरा. बॅरोमीटर होताच, एका बंदरात जुन्या सामानात घेतलेला पितळी बॅरोमीटर माजघराच्या भिंतीवर लटकत होता. बायकोने वही पाहिली आणि म्हणाली, “अहो, फिटला वाऱ्याची दिशा कशाला लागते?”

मला उत्तर देता आलं नाही. पण वारा नसता तर मी ती वही एक आठवडाही भरली नसती, हे आता सांगतो. त्या दिवसांत जो भेटेल तो ‘मन मोकळं कर’ म्हणायचा. पुण्याच्या एका नातेवाइकांनी तर सुंदर छापील डायरी पाठवली, दर पानावर प्रश्न: आज तुम्हाला कशाबद्दल कृतज्ञ वाटतं? त्या डायरीत बायकोने दुधाचा हिशेब ठेवला. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या पायाखालची फळी गेली आहे त्याला ‘कसं वाटतंय’ विचारू नये. त्याच्याजवळ उत्तर नसतं, आणि नाही म्हणून तो आणखी खजील होतो. ‘वारा कुठला?’ या प्रश्नाला मात्र उत्तर असतं. त्यासाठी उठून अंगणात जावं लागतं, माडाच्या झावळ्या कुठे वळल्यात ते बघावं लागतं. वारा ईशान्येचा, मतलई, मंद. समुद्र शांत. एवढं लिहिलं की पेन हातात असतो आणि शेऱ्याचा रकाना समोर मोकळा असतो.

सुरुवातीचे शेरे बघण्यासारखे आहेत. ‘काही विशेष नाही.’ ‘काही विशेष नाही.’ ‘लाइट गेली, आली.’ मग एके दिवशी: ‘दादा आगरात शिंपणं करत होता. मी बघत होतो.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या नोंदीला अर्धी ओळ जास्त: ‘दादा बोलावत नाही. मला राग येतो का? की बोलावलं असतं तर आला असता?’ लॉगबुकात प्रश्नचिन्ह घालायची पद्धत नाही. ते कधी शिरलं ते मला समजलंच नाही.

मग 3 जून 2020 उजाडला, निसर्ग चक्रीवादळाचा दिवस. लॉकडाऊन चालू होतं, मासेमारीही बंद होती, होड्या खाडीत आत ओढून ठेवलेल्या. रेडिओवर अलिबागचं नाव येत होतं. सकाळी बॅरोमीटरचा काटा इतका उतरला की काच टिचकीने वाजवून पाहिली, अडकला तर नाही ना. नव्हता. वारा आग्नेयेचा होता. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण उजव्या हाताला, थोडं मागे असतं. हे आम्हाला कॅडेट असताना घोकून घेतलेलं. मी अंगणात तोंड करून उभा राहिलो. उजवा हात समुद्राकडे गेला. तासाभराने वारा दक्षिणेकडे सरकला होता. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत होता, म्हणजे आम्ही वादळाच्या उजव्या अंगाला होतो, जहाजावर ज्याला धोकादायक अर्धवर्तुळ म्हणतात त्यात. तो पुढे नैऋत्य आणि मग पश्चिमेचा होणार. आमच्या माडीच्या खिडक्या पश्चिमेला.

मी दादाला म्हटलं, “सगळ्यांना माजघरात घे. माडीवर कुणी थांबायचं नाही.” दादा माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला हुकूम केल्याचं त्याआधीचं एकही उदाहरण नाही. तो काही न बोलता उठला, काकींना हात धरून आणलं, गाय पडवीत बांधली. मी वही घेऊन माजघराच्या दाराशी बसलो. त्या दिवसाचं पान जसंच्या तसं देतो (बल म्हणजे वाऱ्याचा जोर, बोफर्टच्या 0 ते 12 या मापात):

‘12.10. वारा दक्षिण, बल 9. पाऊस आडवा.
12.45. वारा दक्षिण-नैऋत्य, बल 10, झोतात जास्त. आगर दिसत नाही.
13.10. न्हाणीवरची कौलं गेली.
13.25. पोफळी मोडताहेत. बंदुकीसारखा आवाज. मोजणं सोडलं.
13.50. माडीची खिडकी आत आली. माडीवर कुणी नाही.
14.30. वारा पश्चिम, बल 10. काटा चढू लागला. दादाला सांगितलं, आता उतरणार.
15.50. बल 7. सर्व माणसं ठीक. गाय ठीक.’

सही करून वर बघितलं तर घड्याळात चार वाजत आले होते. दुपारचा 12 ते 4. माझाच वॉच. हवामान खात्याने पुढे वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर सांगितला. बोफर्टच्या मापात ते 11 ते 12 होतं, म्हणजे माझा अंदाज थोडा भित्राच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी आगरात गेलो तर आगर नव्हतं. वडलांनी लावलेल्या पोफळी काडेपेटी सांडावी तशा पडल्या होत्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं सहज जातात, आणि माडाला त्याहून कमी धीर लागत नाही. दादा बुंध्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याचं आयुष्यही एका दुपारीत दुसरीकडे वळलं होतं, आणि आता तोही कुणाच्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्या दिवसाचा शेरा: ‘दादा म्हणाला, तू लिहून ठेव किती पडल्या ते. पंचनाम्याला लागेल.’ मग आम्ही दोघं फिरलो. तो ओरडून आकडा सांगायचा, मी लिहायचो. पंचनाम्याला ते पान खरोखरच लागलं.

वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. रात्री उकाडा, डास, आणि डोक्यावर ताडपत्रीची फडफड. झोप पार विस्कटली. व्हायचं ते झालं. त्या नोंदीचं अक्षर माझं नाही.

‘रात्रौ 1.50. हे झोपेत ताठ झाले. आधी वाटलं स्वप्न. मग हात उडायला लागले. मेणबत्ती लावली. घड्याळ बघितलं, कारण तुम्ही बजावून ठेवलंय. कुशीवर वळवलं. तोंडात काही घातलं नाही. काकी कांदा हुंगवायला घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. तीन मिनिटं. मग घोरायला लागले. मी बसून राहिले. वारा माहीत नाही.’

हे पान मी किती वेळा वाचलं असेन. ज्या मिनिटांत मी नसतो त्या मिनिटांत कुणीतरी असतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं असं नाही. पण ‘मी बसून राहिले’ हे तिने तोंडाने कधीच सांगितलं नसतं. सकाळी विचारलं असतं तर म्हणाली असती, “काही नाही, झोपा तुम्ही.” आणि ‘वारा माहीत नाही’! तिला तो रकाना मोकळा सोडवला नाही.

त्यानंतर तिने आपणहून एक चाल केली. बोटीवर कॅप्टन झोपायला जाण्याआधी नाइट ऑर्डर बुकात रात्रीच्या सूचना लिहितो, आणि शेवटी बहुधा एक ओळ असतेच: शंका आली तर मला उठवा. हे मी तिला कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. एका संध्याकाळी वहीत तिच्या अक्षरात: ‘रात्री 12 ते 4 झोपायचं. झोप नाही आली तरी दिवा लावायचा नाही. वही पहाटे. शंका आली तर मला उठवा.’ खाली तिची सही. मी त्याखाली सही केली. जहाजावर वाचून सही करावीच लागते. तेव्हापासून लिहायची वेळ पहाटेची. 4 ते 8 हा चीफ ऑफिसरचा वॉच. तेवढीच बढती.

जाणं-येणं सुरू झाल्यावर मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती वही सावकाश चाळली. झटक्याआधीच्या रात्री झोप तुटलेली आणि रात्रीची गोळी उशिरा घेतलेली, हे रकान्यांत उघड दिसत होतं. त्यांनी गोळीच्या वेळा बदलल्या. वाऱ्याच्या रकान्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पण निसर्गचं पान वाचायला थांबले.

पुढे कधीतरी वाचनात आलं की या विषयावर रीतसर संशोधन आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 46 विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लेखन. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहायचं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक गोष्टीवर. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही मांडलं त्यांचा मूड लिहून झाल्याझाल्या बिघडला. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर जगभर असे शेकडो प्रयोग झाले. 2006 साली त्यांतल्या 146 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला तेव्हा दिसलं की फायदा आहे, पण सरासरीने बेताचा. मला ते वाचून बरंच वाटलं. चमत्कार सांगितला असता तर विश्वास बसला नसता. पेनेबेकरांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली: ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक कारणं शोधणारे, उमजल्याचे शब्द वाढत गेले. मी माझी पहिली वही काढून बघितली. त्यात ‘म्हणून’ शोधूनही सापडत नाही. निसर्गनंतरच्या वहीत तो पानोपानी आहे.

ते वाचूनच मी ओमानच्या आखातातल्या रात्रीचं पान लिहायला घेतलं. ‘मी’ लिहून जमेना, हात थांबायचा. मग लॉगच्या रिवाजाने लिहिलं: ‘वॉचवरचा अधिकारी चार्ट टेबलापाशी.’ तेवढ्या अंतरावरून त्या माणसाकडे बघता आलं. तो घाबरलेला नव्हता, दमलेला होता. आधीच्या बंदरात माल उतरवताना त्याची झोप धड झालीच नव्हती. पडल्यापासून शुद्धीवर येईपर्यंतची जागा कोरी ठेवली. गणपतीत त्या खलाशाचा फोन आला, तेव्हा धीर करून विचारलं. तो म्हणाला, “साहेब, पेन्सिल सोडली नाही तुम्ही. आम्ही बोटं उघडून काढली.” ते तसंच लिहिलं, त्याच्या नावानिशी. कोरी जागा अजून बरीच आहे. असू दे.

ज्यांना वही सुरू करायची असेल त्यांच्यासाठी कोकणातली एक व्यवहाराची गोष्ट. जेल पेन घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात वही कपाटातसुद्धा दमट होते आणि शाई पसरते. साधं बॉलपेन टिकतं. जून ते सप्टेंबर माझ्या जुन्या वह्या तांदळाच्या रिकाम्या पिंपात कडुनिंबाच्या पाल्यात असतात. बुरशी येतेच, पण अक्षर राहतं.

दिवस आता तसे भरलेले असतात. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. स्वयंपाक बायकोचा, हिशेब माझा, आणि दाराशी फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा मी रोज लिहितो. सुवर्णदुर्गाला जाणारे त्या बघूनच निघतात. दादाने नव्या पोफळी लावल्या आहेत. शिंपण्याला मी जातो. विहिरीवर तो, पाटावर मी.

आणि दुपारी काकी येतात. काका जन्मभर बोटीवर खलाशी होते, काकींनी त्यांची वाट बघण्यात जन्म काढला. निसर्गनंतर एकदा त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, “मेल्या, स्वतःचंच किती लिहितोस? माझं लिही.” तेव्हा वेगळी वही केली. काकींना सही येते, बाकी नाही. त्या सांगतात, मी लिहितो. पहिल्याच दिवशी मी विचारायच्या आत त्यांनी वारा सांगितला. नवी नवरी म्हणून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आल्या तेव्हा समुद्र खवळलेला होता. हर्णैला बोट लांब उभी राहायची, शिडीवरून खाली पडावात उतरावं लागे, आणि पडाव वर-खाली होत असताना नेमक्या क्षणी पाय टाकायचा. “मी नऊवारीत. खालून कुणीतरी ओरडला, आता! मी टाकला पाय.” ही नोंद मी त्यांना परत वाचून दाखवली तर म्हणाल्या, “आता! हे मोठ्याने वाच. तो मोठ्याने ओरडलेला.”

सध्या आम्ही 1971 पर्यंत आलो आहोत आणि तिथे गाडी अडली आहे. त्या वर्षी काकांची मनीऑर्डर वेळेवर आली नाही म्हणून घरची गाय विकली, असं काकी सांगतात. ओटीवरून दादा म्हणाला, गाय विकली नव्हती, ती मेली. त्याला चांगलं आठवतं. खोडाखोड चालत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं, दोघांच्या नावांसकट. काकींना ते पसंत नाही. त्या दिवसापासून त्या दादाला ताक देत नाहीत.